भूपती शरण आला, तो गोळीमुळे की बोलण्यामुळे?

येरळाकाठ:
१५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत माओवाद्यांचा (नक्षल्यांचा) मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपतीनं साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं टाकली. दोनच दिवसांत छत्तीसगडात जगदलपूरला त्यांचाच दुसरा नेता रूपेश दोनशेच्या वर माणसं घेऊन आला. तेव्हापासून आमच्या विटा-पलूस पट्ट्यात जिथं चार माणसं बसतील तिथं एकच निकाल ऐकतोय: "यांना गोळीचीच भाषा कळते." माझं म्हणणं चहा संपायच्या आत मांडून होण्यासारखं नाही, म्हणून हा धागा.

गोळीचा वाटा मी नाकारत नाही. पण सरकारनं आपल्याच लोकांवर सगळ्यात जोरात हात उचलला होता तो कुठं, हे एकदा आठवू. मिझोराम. १९५९ चा बांबूचा फुलोरा, त्यावर माजलेले उंदीर, दुष्काळ, आसाम सरकारची ढिलाई, आणि त्यातून उभी राहिलेली लालडेंगांची मिझो नॅशनल फ्रंट. फेब्रुवारी १९६६ च्या अखेरीस उठाव झाला. ऐजॉलचं आसाम रायफल्सचं ठाणं वेढलं गेलं आणि ५ मार्चला हवाई दलाच्या विमानांनी ऐजॉलवरच हल्ला केला. आपल्या देशातल्या, आपल्या गावावर.

तेव्हा संरक्षणमंत्री कोण होते? यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्र्यात जन्मलेले, कऱ्हाडात वाढलेले, १९४२ ला स्वतः भूमिगत राहिलेले. त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. ठाणं पडायला आलं असताना दिल्लीत बसलेल्या माणसापुढं फार वाटा नसतात. पण पुढं काय झालं ते बघा. १९६७ पासून लष्करानं खेडीच्या खेडी उठवून रस्त्याकडेच्या वस्त्यांत नेऊन बसवली, निम्म्याहून जास्त ग्रामीण मिझो माणूस आपल्या गावातून उठला, आणि तरी बंड वीस वर्षं चाललं.

संपलं ते ३० जून १९८६ ला, करारानं. केंद्राच्या वतीनं सही केली गृहसचिव राम प्रधान यांनी, निवृत्तीच्या दिवशी. हेच प्रधान यशवंतराव संरक्षणमंत्री असताना त्यांचे खासगी सचिव होते. लालडेंगा मुख्यमंत्री झाले, फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम वेगळं राज्य झालं. दोन वर्षांत लालडेंगा सत्तेवरून गेले, निवडणूकही हरले. हरल्यावर ते जंगलात गेले नाहीत, त्यांचा पक्ष विरोधात बसला. मला त्या करारातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

तर माझं म्हणणं असं: बंदुकीच्या दाबानं समोरचा बोलायला येतो. पण तो आल्यावर त्याला द्यायला तुमच्याकडं काही नसेल, किंवा दिलेलं पाळायची दानत नसेल, तर तो नाही तरी त्याचा पोरगा परत उठतो. लोकांचं काय मत?

फौजी_खटाव:
जय हिंद. मी सीआरपीएफमधून रिटायर. बस्तर बघितलंय, टीव्हीवर न्हवं.

आधी एक दुरुस्ती, कारण सगळेच "लष्कर पाठवा, लष्कर पाठवलं" म्हणतात. १९७१ चं बंगालातलं ऑपरेशन स्टीपलचेज सोडलं तर नक्षल्यांविरुद्ध भूदल उतरवलंच नाही. सीआरपीएफ, २००८ नंतर कोब्रा, आंध्रात ग्रेहाउंड्स, छत्तीसगडात डीआरजी, गडचिरोलीत १९९० पासून सी-६०. सगळं पोलीस नाहीतर निमलष्करी. त्यामुळं विमानाचा दाखला इथं बसत नाही.

आता मुद्दा. भूपती शहाणपण सुचलं म्हणून आला का? २१ मे ला अबूझमाडमध्ये बसवराजू मारला गेला, पक्षाचा सरचिटणीस. त्याआधी करेगुट्टाच्या डोंगराला वेढा. दर पाच-सात किलोमीटरवर कॅम्प. रेशन बंद, औषध बंद, भरती बंद. भूपतीचा थोरला भाऊ किशनजी २०११ ला बंगालात मारला गेला. बायको तारक्का याच वर्षी १ जानेवारीला गडचिरोलीत शरण आलेली. माणूस हिशेब करतो की. चर्चेचं पत्रक त्यांनी यंदा मार्चमध्ये काढलं. २०१० ला का नाही काढलं? कारण तेव्हा ते जिंकत होते. ६ एप्रिल २०१०, छत्तीसगडातलं ताडमेटला, ७६ जवान मारले. त्यातल्या कुणाच्या घरी जाऊन "संवाद" म्हणून दाखवा.

दुसरं, मिझोंचा एक पक्ष, एक नेता. लालडेंगानं सांगितलं आणि पोरं खाली आली. इथं भूपती म्हणतो लढाई थांबवा, तर दुसरा गट त्याला गद्दार ठरवून मोकळा. बोलायचं कुणाशी? आणि मिझोंनी आधी वेगळा देश मागितला, पण शेवटी राज्यावर भागलं, ते देता आलं. यांना बंदुकीनं दिल्ली पाहिजे. ती देणार काय तुम्ही?

आष्टा_वकील:
फौजीसाहेब, २०१० चं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. पत्र तेव्हाही निघालं होतं. ताडमेटलानंतर महिन्याभरानं गृहमंत्री चिदंबरम यांनी स्वामी अग्निवेश यांच्यामार्फत चर्चेचा प्रस्ताव दिला, माओवाद्यांचा प्रवक्ता आझाद यानं त्याला लेखी उत्तर दिलं. जुलैच्या सुरुवातीला आझाद आदिलाबादच्या जंगलात मारला गेला, त्याच्याबरोबर हेमचंद्र पांडे नावाचा पत्रकारही. सीबीआयनं पुढं चकमक खरी असल्याचा अहवाल दिला, अग्निवेश शेवटपर्यंत ते मानायला तयार नव्हते. खरं काय ते बाजूला ठेवा. परिणाम एकच झाला: मध्यस्थी करायला कुणी पुढं येईना. पत्र नेणारा माणूस वाटेत मेला की पुढचं पत्र लिहिणार कोण?

फौजी_खटाव:
वकीलसाहेब, मग २००४ पण सांगा की. आंध्र सरकारनं बंदी उठवली, हैदराबादला सरकारी विश्रामगृहात बसवलं, नक्षल्यांचा नेता रामकृष्ण जंगलातून बाहेर आला, सभा झाल्या, टीव्हीवर मुलाखती. चर्चा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. आणि १४ ऑक्टोबरला यांनी काय जाहीर केलं? पीपल्स वॉर आणि एमसीसी हे दोन नक्षल गट एक होऊन माओवादी पक्ष झाला म्हणून. म्हणजे एका हातानं बोलणी, दुसऱ्या हातानं देशभराची फौज. बंदूक खाली ठेवायला तयार नाहीत, बंदूक घेऊनच गावात हिंडणार म्हणतात. जानेवारीत बोलणी फिसकटली, १५ ऑगस्ट २००५ ला आमदार नरसी रेड्डींना कार्यक्रमात गोळ्या घातल्या. मग ग्रेहाउंड्सनी दोन-तीन वर्षांत आंध्र साफ केला. त्यानंतर सगळे पळून आले कुठं? बस्तर आणि गडचिरोलीत. म्हणजे आंध्रानं बोलणी केली त्याची किंमत आम्ही भरली.

आष्टा_वकील:
जानेवारीआधी चकमकी पोलिसांनीही चालू केल्या होत्या. दोन्हीकडून.

झणझणीत_मिसळ:
संवाद संवाद करणारे सगळे एसीत बसलेले शहरी नक्षल आहेत. यांनाच आधी गडचिरोलीत सोडा. [या प्रतिसादातील दोन वाक्यं काढली आहेत. संपादक]

संपादक:
मिसळ, मत काहीही मांडा. सदस्यांना शिक्के मारलेत तर खातं महिनाभर बंद. दुसऱ्यांदा सांगणार नाही.

तासगावी:
गडचिरोलीत सोडा म्हणताय तर आठवण करून देतो. आमच्या अंजनीचा एक माणूस स्वतःहून गेला होता. आर. आर. आबा. राज्याचे गृहमंत्री, आणि पालकमंत्रिपद मागून घेतलं ते गडचिरोलीचं. लोक मलईदार जिल्हा मागतात. आबांनीच २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम काढली होती. एका हाताखाली सी-६० आणि दुसऱ्या हातात तंटामुक्ती. त्यांना यात विरोध दिसत नव्हता.

आष्टा_वकील:
तंटामुक्तीचा दाखला चांगला आहे, पण तो कुठं तुटतो तेही बघा. बांधावरचं भांडण समिती मिटवू शकते, कारण भांडणारे दोघं उद्या त्याच पाटाचं पाणी घेणार असतात. ज्याला पाटच उखडायचाय त्याच्याशी समिती काय करणार? या बाबतीत मी फौजीसाहेबांच्या बाजूनं. माओवादी नेतृत्वाशी तात्त्विक तडजोड होत नाही. माझा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे. सरकारनं बळ वापरावं, पण स्वतःच्या कायद्यात राहून. २००५ ला छत्तीसगडात सलवा जुडूम काढलं, गावातल्याच पोरांच्या हातात बंदुका दिल्या, गावं रिकामी करून छावण्या भरल्या. मिझोरामची नक्कलच म्हणा. २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं ती शिपाईभरती घटनाबाह्य ठरवली. तोवर नक्षल्यांची भरती कमी झाली की वाढली, हे फौजीसाहेबच सांगतील.

फौजी_खटाव:
वाढली. ते खोटं बोलणार नाही. जुडूममध्ये गाव जळालं की पोरगं तिकडं जायचं. आम्हाला ते तेव्हाच दिसत होतं, पण आम्हाला कोण विचारतंय.

आणि सी-६० का चाललं ते पण सांगतो. पोरं तिथलीच. माडिया, गोंडी बोलणारी. त्यांना वाट माहीत, कुणाचा मामा कोण ते माहीत. आमची कंपनी म्हणजे कुठला बिहारचा, कुठला केरळचा, मी खटावचा. म्हातारीला पाणी मागायचं तरी दुभाष्या लागायचा.

स्पर्धा_वीर:
मिझो करारावर मुख्य परीक्षेला प्रश्न येऊ शकतो का? कुणाकडे नोट्स असतील तर टाका प्लीज.

येरळाकाठ:
@स्पर्धा_वीर, भावा, वर आहे तेवढं पाठ कर. शिवाय घटनेचं कलम ३७१जी बघ. मिझोंचे धार्मिक-सामाजिक आचार, रूढीचा कायदा आणि जमिनीची मालकी यांना संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होत नाही. करारातली हमी थेट घटनेत बसवली. "द्यायला काहीतरी असणं" म्हणतो ते हे.

फौजीसाहेब, उलट दाखलाही मीच देतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. पंजाब. २४ जुलै १९८५ ला राजीव गांधी आणि संत लोंगोवाल यांचा करार झाला. महिना व्हायच्या आत लोंगोवालांचा खून झाला. २६ जानेवारी १९८६ ला चंदीगड पंजाबला मिळायचं ठरलं होतं, ते आजतागायत मिळालेलं नाही. तिथं दहशतवाद संपला तो पोलिसी बळानंच. म्हणजे करार केला की शांतता आली असं होत नाही. केलेला करार पाळला नाही तर पुढच्या पिढीतल्या मवाळ माणसाचं तोंडच बंद होतं. नागांचं बघा, १९९७ पासून शस्त्रसंधी, २०१५ ला आराखडा करार, अजून शेवटची सही नाही. मधल्या काळात तिकडं एक पिढी म्हातारी झाली.

मिरजेची_माई:
मी फारशी लिहीत नाही इथं, पण कुणीतरी "आपल्याकडचं पत्री सरकारही तसलंच" असं म्हणेल म्हणून आधीच लिहिते.

माझं माहेर कुंडलच्या जवळचं. घरातली दोन माणसं तुफान सेनेत होती. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा, ही नावं आम्ही देव्हाऱ्यातल्या नावांसारखी ऐकली. वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला सप्टेंबर १९४२ ला, दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात. त्यानंतर पोरांनी बंदुका गोळा केल्या. शेणोलीला पगाराची गाडी लुटली. लढाई कुणाशी? ज्यानं आम्हाला मतच दिलं नव्हतं त्या सरकारशी. आज गडचिरोलीतल्या माणसाला मत आहे, आमदार आहे, कोर्ट आहे. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

पण आमची आजी एक गोष्ट सांगायची ती पुस्तकात कमी येते. पत्र्या ठोकणं म्हणजे काही गंमत नव्हती. पायाचे तळवे फुटायचे, माणूस आयुष्यभर लंगडायचा. खबऱ्या म्हणून संशय आला की घरच्या बायका रात्रभर जाग्या. खरा खबऱ्या कोण आणि भावकीच्या वैरातून नाव कुणाचं गेलं, हे त्या रात्री कुणालाच कळत नसायचं. आजी नानांना मानायची आणि हेही सांगायची.

आणि मग ते सगळे परत कसे आले? १९४४ ला गांधीजींनी भूमिगतांना प्रकट व्हा म्हणून सांगितलं, आमच्याकडचे बहुतेक झाले नाहीत. १९४६ ला मुंबई प्रांतात आपलं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली गेली, तेव्हा नाना कऱ्हाडात लोकांसमोर आले. १९५७ ला सातारहून लोकसभेत गेले, कम्युनिस्ट म्हणून. बापूंनी पुढं कारखाना काढला, अण्णांनी काढला. बंदूक धरलेल्या माणसाला सभासद, चेअरमन, खासदार व्हायला जागा होती. ती जागा भूपतीच्या साठ जणांना कुठं आहे, एवढं सांगा.

येरळाकाठ:
माई, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

फौजी_खटाव:
माई, नमस्कार. पटलं, तुलना नको हे पटलं. फक्त एक: आत्मसमर्पण योजना महाराष्ट्रात २००५ पासून आहे. पैसे, घर, कामाचं शिक्षण मिळतं. काही जण पोलिसांत पण आलेत. जागा नाही असं नाही.

माण_गुरुजी:
आता मला लिहायलाच हवं. मी माण तालुक्यातला, एटापल्ली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरचा पगार, मिळते म्हणून गेलो, खोटं कशाला बोलू. गेल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट बघत होतो. मिळाली तेव्हा निघायला पाय जड झाले, हेही खरं.

इथं सगळे सरकार आणि नक्षली या दोघांबद्दल बोलताय. तिसरा कुणीच नाही तुमच्या बोलण्यात. मी ज्या गावात होतो तिथं रात्री दलम, म्हणजे नक्षल्यांची तुकडी, यायचं, भात मागायचं, मीटिंग घ्यायचं. दिवसा पोलीस पार्टी यायची, विचारायची रात्री कोण आलं होतं. भात दिला तर नक्षल समर्थक, पोलिसांशी बोलला तर खबरी. खबरी ठरला की चौकात मुडदा आणि शेजारी पत्रक. माईंनी आजीचं सांगितलं ना, बायका जाग्या असायच्या, ते मी बघितलंय. गावाच्या पाटलाशी माझा चांगला घरोबा होता, पण यातलं काही तो माझ्याशी कधी बोलला नाही. विषय निघाला की मोहाचं बोलायचा, रानडुकराचं बोलायचा.

हे लोक तिथं आले कसे? ऐंशीच्या सुरुवातीला प्राणहिता ओलांडून. १९८० ला त्यांचा पेद्दी शंकर सिरोंच्याच्या बाजूला मारला गेला तेव्हा बहुतेकांना हे नावही माहीत नव्हतं. आले आणि तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) पुड्याचा भाव वाढवून दिला, बांबूतोडीची मजुरी वाढवून दिली, वनरक्षकाची कोंबडी-दारू बंद केली. जुनी माणसं हे कबूल करतात. नंतर तेच ठेकेदाराकडून हप्ता घ्यायला लागले, तेच शाळा-रस्ता अडवायला लागले. गर्देवाड्याला एसटी गेली कधी? १ जानेवारी २०२५ ला. रस्ता करणाऱ्याची यंत्रं जाळणारे कोण होते ते फौजीसाहेबांना माहीत आहेच.

पण त्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. बंदूक नाही, हप्ता नाही. सगळे बसणार, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसणार. २००९ ला त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, अठराशे हेक्टरवर. तरी बांबू विकायला वाहतूक पास वनखातं देईना. दीड-दोन वर्षं त्यांनी पाठपुरावा केला आणि एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, वाहतूक पासांचं बुक ग्रामसभेच्या हातात दिलं. संवाद म्हणजे काय, तर हा. शरण आलेल्याच्या गळ्यात हार घालून फोटो काढणं हा समारंभ झाला.

झणझणीत_मिसळ:
गुरुजी चांगलं लिहिलंत. पण मेंढा एकच आहे ना? बाकी गावं का नाही झाली तशी?

माण_गुरुजी:
झाली, बरीच. सामूहिक वनहक्काचे दावे मंजूर होण्यात गडचिरोली राज्यात पुढं आहे. कितीतरी ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. पण त्या बातम्या सातारच्या पेपरात येत नाहीत. इथं येते ती चकमक.

आष्टा_वकील:
गुरुजी, तोडगट्ट्याचंही लिहा. मला वाटतं या चर्चेतली खरी परीक्षा तिथं आहे.

माण_गुरुजी:
तुम्हीच लिहा वकीलसाहेब, मला तिथं अजून माणसं आहेत.

आष्टा_वकील:
ठीक. २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यात तोडगट्ट्याला आसपासच्या गावांतले लोक खाणींविरोधात आणि खाणींसाठीच्या रस्त्यांविरोधात धरणं धरून बसले. महिनोन्महिने. झोपड्या बांधून, संविधानाचं नाव घेत. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते उठवलं. पोलिसांचं म्हणणं, मागे माओवाद्यांची चिथावणी. असेलही थोडी. माझा प्रश्न असा आहे: हातात काठीसुद्धा नसलेला माणूस रस्त्याकडेला इतके महिने बसला, त्याच्याशी मुंबईहून कोण बोलायला गेलं? आणि बंदूक घेऊन चाळीस वर्षं जंगलात राहिलेला भूपती आला तेव्हा मुख्यमंत्री स्वतः हजर. यातून गावातल्या पोरानं काय शिकायचं?

फौजी_खटाव:
हा प्रश्न कडू आहे. पण वकीलसाहेब, धरण्याच्या आडून दलम काम करतं हे आम्ही अनुभवलंय. पुढं बायका बसवायच्या आणि मागून आयईडी लावायचा. वरचा माणूस फरक कसा करणार?

येरळाकाठ:
फरक करायला वेळ लागतो, माणसं लागतात, भाषा येणारा तहसीलदार लागतो. मिझोराममध्ये पण तेच झालं होतं, आधी सगळा मिझो म्हणजे बंडखोर धरला. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक आठवतात ना? कुपवाड्यात २०१५ च्या नोव्हेंबरात अतिरेक्यांशी लढताना गेले. तिथल्या पोरांना खेळाकडं, शिक्षणाकडं वळवायला ते धडपडत होते. आपल्याच भागातला माणूस, एकाच वर्दीत दोन्ही करत होता. मग महसूल आणि वनखात्यातल्या माणसाला न लढता निम्मं काम का जमू नये?

फौजी_खटाव:
ते बरोबर. कर्नलसाहेबांचं नाव घेतलंत, आता मी वाद घालत नाही.

स्पर्धा_वीर:
मग उत्तरात "दोन्हीचा समन्वय हवा" असं लिहायचं ना शेवटी?

येरळाकाठ:
तसं लिहिलंस तर मीच मार्क कापेन. समन्वय म्हणजे कुणी, कुठं, कशाचा, ते लिही.

तासगावी:
धागा वर काढतोय. आज १८ नोव्हेंबर २०२५, आंध्रात माओवादी कमांडर हिडमा मारला गेल्याची बातमी आली. ताडमेटलामागं त्याचंच नाव घेतात. ३१ मार्च २०२६ पर्यंत नक्षलवाद संपवणार अशी केंद्राची मुदत आहे, म्हणजे आता राहिलं काय?

फौजी_खटाव:
मी बातमी बघून अर्धा तास गप्प बसलो. आमच्यातले कितीजण त्या माणसाच्या नावानं गेले. आनंद झाला, सरळ सांगतो.

पण राहिलं काय विचाराल, तर तेच राहिलं जे मी आधी बोलायला तयार नव्हतो. उद्या कॅम्पचं काय करायचं? आम्ही कॅम्प टाकला तो लढायला. लढाई संपली की कॅम्प हलवा असं गाव म्हणणार. येरळाकाठ, तुमचा संवाद इथं आला. ग्रामसभेनं ठराव केला कॅम्प नको, तर सरकारनं मानायचा का? हो की नाही, एका शब्दात सांगा.

येरळाकाठ:
हो. लगेच नाही, पण हो. सहा-आठ वर्षं पोलीस मदत केंद्र राहू दे, त्यात तिथलीच पोरं असू देत. पण ठराव आला की त्याला लेखी उत्तर जायला हवं, कारणासकट. आजवर ठराव फायलीत जातो आणि तिथंच राहतो.

आष्टा_वकील:
आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. नवीन काही द्यायचं नाहीच. दिल्लीशी वाटाघाटी करायच्या नाहीत, घटनादुरुस्ती नको. मिझोंना राज्य द्यावं लागलं, इथं फक्त स्वतःचा कायदा पाळायचाय. सूरजागडच्या डोंगरात पुढची खाण काढायच्या आधी ग्रामसभा खरी भरवायची, कागदावरची नको. कामं मिळतात म्हणून खाण हवी म्हणणारेही तिथं आहेत, त्यांचंही तिथंच ऐकायचं.

फौजी_खटाव:
खरी भरवायची म्हणताय, पण एक विसरू नका. ग्रामसभेनं तेंदू विकला तरी दलमचा हिस्सा जायचाच. ग्रामसभेच्या अध्यक्षाला चिठ्ठी यायची. तो हिस्सा बंद कुणी केला? कायद्यानं न्हवं, आम्ही.

माण_गुरुजी:
मान्य. शंभर टक्के मान्य. चिठ्ठी आलेला माणूस मी बघितलाय, जेवण जायचं नाही त्याला. तुमच्यामुळंच ती बंद झाली. आता तिच्या जागी दुसऱ्या कुणाची चिठ्ठी येऊ नये, ठेकेदाराची नाही, पुढाऱ्याची नाही, खात्याची नाही, एवढंच त्या लोकांचं मागणं असेल.

मिरजेची_माई:
गुरुजी, त्या गावातल्या पोरी शाळेत टिकतात का आता?

माण_गुरुजी:
माई, आश्रमशाळेपर्यंत जातात. दहावीनंतर गळतात, कॉलेज तालुक्याला आणि तिथं राहायची सोय तुटपुंजी. माझ्या वर्गातली एक पोरगी नर्सिंगला आहे, एक सी-६० च्या भरतीची तयारी करते, आणि एक दलममध्ये गेली होती. ती परत आलीय असं ऐकलं, नक्की माहीत नाही.

फौजी_खटाव:
एप्रिल-मे मध्ये तेंदू फळी (पानं गोळा करायचं केंद्र) लागेल. मुदत खरी ठरली तर चिठ्ठीशिवायचा हंगाम. गुरुजी, तुमच्या माणसांना फोन करून शेकडा पुड्याला काय भाव मिळाला आणि पैसे किती दिवसांत हातात पडले, ते या धाग्यावर टाका. मी वाट बघतोय.